कोपरामागची दोरी

त्वचारोगाच्या क्षेत्रांत नुकतेंच पाऊल टाकणाऱ्या डॉक्टरांसाठीं व संशोधकांसाठीं एक महिन्याचा प्रशिक्षणवर्ग आंखून द्यावा, अशी आज्ञा कांहीं वर्षांपूर्वीं आम्हांस झाली. विद्वान् मनुष्यास वेळापत्रक करावयास सांगणें म्हणजे हलवायास पंक्तीची यादी करावयास सांगणें. हात आखडत म्हणून नाहीं. आम्हीं सकाळीं नवापासून सायंकाळीं पांचपर्यंत व्याख्यानें ठासून भरलीं. जनुकें आलीं, लेसर आला, नवीं जैविक औषधें आलीं, संख्याशास्त्र आलें. कुष्ठरोगास मात्र एक तास मिळाला, आणि तोहि दुपारच्या जेवणानंतरचा.

या कंजूषपणाचें मूळ एका शब्दांत होतें. २००५ सालच्या अखेरीस भारतांत कुष्ठरोगाचें 'निर्मूलन' झालें असें ठरलें. त्या शब्दाचा सरकारी अर्थ इतकाच कीं, दर दहा हजार लोकांमागें एकाहून कमी रुग्ण नोंदींत उरले. पण शब्द असा भारदस्त कीं, आम्हां शिकलेल्यांनाहि रोग मुळासकट उपटला गेल्याचा भास झाला. २०२३ सालींसुद्धां जगांत सांपडलेल्या नव्या रुग्णांपैकीं निम्म्याहून अधिक, म्हणजे एक लाखाच्या वर, आपल्याच देशांतले होते.

वर्गाच्या दुसऱ्या आठवड्यांत एक हमाल तपासणीस आला. डाव्या हातावर फिकट चट्टा. आमच्या एका अत्यंत हुषार विद्यार्थिनीनें तो नायटा ठरवून मलम दिलें. आम्ही शेजारींच बसलों होतों. आम्हीं मान डोलावली. हें लिहितांना लेखणी अडखळते, पण लिहिलें पाहिजे. पंधरा दिवसांनीं तो परत आला तेव्हां त्याची करंगळी व तिच्या शेजारचें बोट आंत वळूं लागलें होतें.

"तिथं घाम येत न्हाई, साहेब," तो म्हणाला. "मागल्या खेपेलाच सांगनार व्हतो, पन तुमी घाईत व्हता."

इतक्यांत निवृत्तीस टेंकलेले एक कुष्ठरोग-तंत्रज्ञ तेथून जात होते. त्यांनीं कागद पाहिला नाहीं. "दादा, हात सैल सोडा," म्हणून त्याचा कोपर किंचित् वांकविला, आंतल्या हाडामागें बोटें फिरविलीं, आणि मग त्या मुलीचीं बोटें धरून त्याच जागीं ठेवलीं. तेथला मज्जातंतु सुतळीच्या दोरीसारखा जाड लागत होता. तिचा चेहरा उतरला. आमचाहि उतरला असावा. तो पाहण्याचें धैर्य तिला झालें नाहीं, एवढेंच.

मज्जातंतूची इजा सहा महिन्यांच्या आंतली असली तर स्टिरॉइडच्या गोळ्यांनीं ती पुष्कळदां भरून येते. मधलें बोट नव्हे, पण अनामिका बरीचशी सरळ झाली, असें म्हणणेंहि आत्मवंचना होईल, कारण मधलें बोट मुळीं बिघडलेंच नव्हतें. करंगळी वांकडीच राहिली.

पुढच्या वर्षीं आम्हीं वेळापत्रक फाडलें. पहिल्या आठवड्यांत व्याख्यान नाहीं. विद्यार्थ्यांनीं प्रथम एकमेकांचे कोपर चांचपावे, म्हणजे निरोगी मज्जातंतु कसा लागतो तें कळेल, मग रुग्णांचे. चट्टा खिडकीच्या उजेडांत पाहावा. पाश्चात्य ग्रंथांतला 'लाल' चट्टा आपल्या सांवळ्या कातडीवर कधीं तांबूस, कधीं नुसताच काळसर दिसतो. चित्रें पाठ करून तो ओळखतां येत नाहीं. कापसाच्या पेळूनें स्पर्श तपासावा. आधीं रुग्णाचे डोळे उघडे ठेवून त्यास रीत समजावावी, मग मिटवून.

समितींत गिल्ला झाला तो मात्र मानधनावरून. पदवी नसलेल्या तंत्रज्ञांस व्याख्यात्याचें मानधन कोणत्या सदराखालीं द्यावें? टांझानियांत मोशी येथें १९९२ पासून चाललेल्या केंद्रांत डॉक्टर नसलेल्या आरोग्य-अधिकाऱ्यांसच दोन वर्षें त्वचारोग शिकवितात, हें आम्हीं सांगून पाहिलें. शेवटीं ती रक्कम 'किरकोळ' या सदरांत पडली.

संशोधकांची कुरकुर निराळी. आम्हांस प्रयोगशाळेंत बसावयाचें, कोपर कशाला? पण या रोगाचा जंतु हान्सेननें १८७३ सालीं पाहिला, तो अद्यापि कोणासहि कृत्रिम खाद्यावर वाढवितां आलेला नाहीं. १९६० सालीं शेपर्डनें तो उंदराच्या तळपायांत वाढविला. तेथेंहि एकाचे दोन होण्यास जवळजवळ दोन आठवडे लागतात. तेव्हां संशोधकाची वाट फिरून रुग्णाच्या कातडीशींच येते. म्हणून त्वचेचा तुकडा काढतांना संशोधकानें स्वतः रुग्णाजवळ बसावें, तुकडा कशासाठीं हें त्याच्या भाषेंत सांगावें, आणि निष्पन्न काय झालें तेंहि त्यासच येऊन सांगावें, असा नियम आम्हीं घातला. पहिल्या वर्षीं दोघे वर्ग सोडून गेले.

तो हमाल अजून दरवर्षीं पहिल्या सोमवारीं येतो. त्याची हजेरीची मजुरी बुडते, ती आम्ही देतों. तीहि 'किरकोळ' मध्येंच. बाही वर सारून तो बांकावर बसतो, नवीं मुलें रांगेनें येतात, आणि कोणी फार जोर लावला कीं म्हणतो, "हळू, डाक्टर. जरा वर. हां, तिथंच."