वळणाचं पाणी

वळणाचं पाणी वळणावर जातं, असं आई म्हणायची. बहुतेक वेळा माझ्या उशिरा उठण्याकडे बघत, रोख मात्र वडिलांच्या घराण्यावर. गेल्या रविवारपासून ही म्हण डोक्यात घोळते आहे. तिचा अर्थ आपल्याला कळलाय, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो.

पाणी वळवणं हा तर माझा धंदाच. पस्तीस वर्षं पुण्याच्या आसपास शेतजमिनींचे प्लॉट पाडले. सातबारा, मोजणी, एनए, लेआउट, रस्ते, गटारं. ओढा जमिनीतून तिरका जातो आणि तिरक्या काठावर चौकोनी प्लॉट बसत नाहीत. मग ओढा सरळ करायचा. नकाशावर ती नुसती निळी रेघ असते, पट्टी ठेवली की सरळ होते. एका गुंठ्यावर इंचभर पाऊस पडला तर अडीच हजार लिटर पाणी होतं, एकरावर लाखभर. शेत त्यातलं बरंचसं पिऊन टाकतं. डांबर आणि स्लॅब काहीच पीत नाहीत. हे मला तेव्हाही येत होतं, परीक्षेत त्याचे मार्कही मिळाले होते.

गुंठ्यावरून वडील आठवले. ते मोजणी खात्यात साखळी ओढायचे. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे. साखळीभर लांब, साखळीभर रुंद म्हणजे गुंठा. वडील घरातही आण्यांतच बोलायचे. भिंत पाच आणे, दार तीन आणे. मी पावणेतीन आण्यांवर थांबलो, याची त्यांना शेवटपर्यंत हळहळ होती. दर पावसाळ्यानंतर ते साखळी अंगणात पसरून ताडून बघत. म्हणायचे, वापरून वापरून कड्या झिजतात आणि साखळी लांबते. लांबलेली साखळी जमीन कमी दाखवते. झिजल्यावर वस्तू लांबते, हे मला लहानपणी पटायचंच नाही. आता वाटतं, माणसाच्या अनुभवाचंही असंच होत असावं. तो वाढत जातो आणि समोरचं सगळं त्याला थोडं कमीच भरतं. असो.

साखळी ओढणाऱ्याचा मुलगा जमिनी मोजू लागला, म्हणजे आईचीच म्हण खरी झाली. पण मधे एक ओव्हरसियर होते. त्यांनी सुट्टीत बोलावून मला डंपी लेव्हल, म्हणजे उंचसखल मोजायची दुर्बीण, लावायला शिकवली, फी म्हणून फक्त चहा आणायला लावला. ते नसते तर मीही साखळीच ओढली असती. मग त्यांनी मला वळवलं, की मी होतो त्याच वळणाने गेलो?

आंबिल ओढा पूर्वी पुण्याच्या वस्तीतून वाहायचा. नानासाहेब पेशव्यांच्या काळात तो वळवला, आज दांडेकर पुलाखालून मुठेला मिळतो. अडीचशे वर्षांहून जास्त झाली, आता हेच त्याचं वळण. म्हण पाण्याबद्दल बोलते; वळण कुणी दिलं, त्याबद्दल गप्प बसते.

२५ सप्टेंबर २०१९च्या रात्री त्या ओढ्याने दक्षिण पुण्यात माणसं नेली. त्याच रात्री मी सरळ केलेल्या एका लहान ओढ्याचं पाणी लोकांच्या तळमजल्यात शिरलं. तिथे जीव गेला नाही. दोन दिवसांनी जुना नकाशा घेऊन बघायला गेलो. वाटलं होतं, पाणी आपल्या मूळ वाटेने गेलं असेल. निदान निसर्गाला तरी बोल लावता आला असता. चिखलाची रेघ मूळ वाटेवर नव्हतीच. मी शंभराला एक उतार दिलेल्या रस्त्याने पाणी अगदी शिस्तीत गेलं होतं.

रविवारी सकाळी देवळामागच्या मैदानात डिप्लोमाची पोरं येतात. त्यांना लेव्हल शिकवतो. बबल मध्ये आणा, स्टाफ, म्हणजे मापाची उभी पट्टी, सरळ धरा, शेवटी निघालात त्या बेंचमार्कवर परत या आणि फरक किती आला ते खरं लिहा. याला कुणी समाजकार्य म्हटलं की मी विषय बदलतो. ओव्हरसियरांचं देणं फेडतोय, की त्या तळमजल्यांचं, हे मला नीट सांगता येत नाही. त्यातल्या एका पोराचं घर नेमकं कुठे आहे, हे मला गेल्या रविवारपर्यंत ठाऊक नव्हतं.

या रविवारी त्याच्याच रस्त्याची लेव्हल घ्यायची ठरली आहे. दुर्बिणीला तो उभा राहील, स्टाफ मी धरणार आहे.