एकोणपन्नास दिवस

परवा धाकट्याचा पुण्याहून फोन आला. नेहमीचेच बोलणे. "बाबा, तिथे एकटे काय करता? इकडे कधी येता?" मी नेहमीप्रमाणे धानाची कापणी, घरावरची कौले अशी कारणे सांगितली आणि फोन ठेवला. ठेवल्यावर मात्र एकदम आठवले, की असाच प्रश्न मी एका बाईला वर्षानुवर्षे विचारत होतो. फक्त उलटा. "मावशी, परत कधी जाता तुमच्या देशात?"

त्या मावशीविषयी लिहायचे बरेच दिवस मनात होते. आज लिहितोच.

आमच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावजवळ, प्रतापगडच्या बाजूला तिबेटी लोकांची वसाहत आहे. नाव नोर्ग्येलिंग. आम्ही सगळे मात्र 'तिबेटी कॅम्प'च म्हणतो. 1959 च्या मार्चमध्ये दलाई लामा ल्हासा सोडून भारतात आले आणि त्यांच्या मागोमाग हजारो माणसे हिमालय ओलांडून आली. त्यांच्यासाठी देशात ठिकठिकाणी वसाहती झाल्या. 1972 साली त्यातली एक आमच्या वाट्याला आली. बर्फातली माणसे आणि आमचा मे महिना! विचार करा.

मी 1974 साली मास्तर म्हणून नोकरीला लागलो, तेव्हा मावशी पस्तिशीच्या आत-बाहेर असेल. नक्की वय तिलाच ठाऊक नव्हते. ती आली तेव्हा लग्न नुकतेच झालेले. पहिली वर्षे डोंगरात रस्त्याच्या कामावर खडी फोडण्यात गेली. तिथेच पहिले मूल गेले. पुढे चार झाली. इथे आल्यावर काही वर्षांत नवरा गेला आणि ती चार लेकरे, थोडी शेती आणि हातातली जपमाळ एवढ्यावर उभी राहिली.

ओळख झाली ती स्वेटरमुळे. हिवाळ्यात ही मंडळी लुधियानाचा माल आणून गावोगाव विकतात, नागपूरला रस्त्याच्या कडेने दुकाने मांडतात, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. माझ्या सौ.ने एक मरून रंगाचा स्वेटर उधारीवर घेतला. पैसे घ्यायला मावशी घरी आली, आणि जाताना आलेले मराठी वीजबिल माझ्याकडून वाचून घेऊन गेली. तेव्हापासून कुठलाही मराठी कागद आला की ती थेट आमच्या ओसरीवर. चहा घ्यायची, साखरेचा. पण हसून म्हणायची, "आमच्या चहात मीठ आन लोणी. तुमी पिणार नाही, गुरुजी."

घरात तिचा शब्द शेवटचा. स्वेटरच्या हंगामाला कोणी कधी निघायचे, नातीचे लग्न कुठे ठरवायचे, सगळे तिला विचारून. पहाटे गोम्पाला प्रदक्षिणा घातल्याशिवाय तोंडात पाणी नाही. आमच्याशी बोलतानाही हातातली माळ सरकत असे. मी तसा फारसा देवभोळा नाही. एकदा थट्टेने विचारले, "मावशी, इतके जपून काय मिळाले?" ती म्हणाली, "मागत कोण आहे?" मी गप्प.

प्रतापगडला महाशिवरात्रीची मोठी यात्रा भरते. बहुतेक वर्षी त्याच सुमारास, दोन-तीन दिवसांच्या फरकाने, त्यांचे नवे वर्ष येते, लोसार. मग आमच्या घरी खाप्से यायचे. आपल्या शंकरपाळ्यांचे भाऊबंद म्हणा. सौ. त्याच डब्यातून आमच्याकडचे काहीतरी घालून पाठवायची. रिकामा डबा परत करायचा नाही, हा नियम दोन्ही घरांत सारखाच होता.

आणि दरवर्षी मी तो प्रश्न विचारायचो. मला वाटायचे, मी आपुलकीने विचारतो आहे. सुरुवातीला ती म्हणायची, "पुढच्या साली." मग नुसती हसायची.

1 मे 1999 ला भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. या लोकांना परदेशी म्हणून नोंदणीचा कागद जवळ ठेवावा लागतो, मुदत संपली की नवा करावा लागतो. आता भंडाऱ्याला जायचे की गोंदियाला, हे विचारायला मावशी आली. मी म्हटले, "बघा, बसल्या जागी जिल्हा बदलला तुमचा. आता देशात परत कधी?"

ती या वेळी हसली नाही. माळ थांबवली. "गुरुजी, एक गोष्ट सांगू? तुमी विचारणं बंद करा. दरसाली विचारता. मले वाटते, आमी इथं नको आहे तुमाले."

काय बोलणार? सव्वीस जानेवारीला मुलांपुढे बंधुभावावर भाषण देणारा मास्तर मी. आत सौ.च्या हातातले भांडे थांबल्याचे ऐकू आले. त्या दिवशी मी माफी मागितली नाही. चहा आणा म्हटले, आणि विषय बदलला. पुन्हा कधी विचारले नाही, एवढेच.

2011 साली सौ. गेली. तेरवी झाली, पाहुणे गेले, मुले आपापल्या नोकरीवर गेली. ज्यांच्या घरात असे झाले आहे त्यांना चौदावा दिवस कसा असतो ते सांगायला नको. त्या चौदाव्या दिवशी मावशी सुनेचा हात धरून आली. म्हणाली, "बाईसाठी दिवा लावला आहे. रोज लावते."

मी म्हटले, "आमचे तेरा दिवस झाले, मावशी."

"तेरा दिवसात कशी पोचन? आमच्यात एकोणपन्नास लागते. मेलेल्याले रस्ता मालूम नसते. उजेड पाहिजे." त्यांच्या देशात हा दिवा लोण्याचा असतो, ती वनस्पती तुपावर भागवत होती. पन्नासाव्या दिवशी पुन्हा आली. फक्त एवढेच सांगायला, "पोचली, गुरुजी. आता रडू नका." ज्या बाईला मी पंचवीस वर्षे परत कधी जाता म्हणून विचारले, तिने माझ्या बायकोला एकोणपन्नास दिवस उजेड दाखवला. त्या दिवशी मी माफी मागितली. तिला बहुधा काय ते आठवलेही नसावे. किंवा आठवले असेल.

शेवटच्या काही वर्षांत कॅम्पातली तरुण मुले बाहेर जाऊ लागली. तिचा एक नातू कॅनडात, एक नात बंगलोरला. लेक म्हणे, माझ्याकडे चल. ही जागची हलली नाही. मला म्हणाली, "एक बार निघाले ना मी. एका जन्मात किती बार निघू?"

2024 च्या पावसाळ्यात ती गेली. आपण भेटायला जाऊन बसतो तसा मी तिच्या घरी जाऊन बसलो. घरी आल्यावर सौ.च्या फोटोपुढे पणती लावली, तिळाच्या तेलाची. रोज लावली. मंत्र मला येत नाही, मुकाट्याने बसायचो. मध्ये दोन दिवस ताप होता, तेव्हा शेजारच्या पोराला लावायला सांगितले. तो म्हणाला, "आजोबा, कोणासाठी?" मी म्हटले, "आपल्या गावच्या एका आजीसाठी."

असो. पुढच्या वेळी धाकट्याचा फोन आला की कौलांचे कारण सांगणार नाही. मावशीचेच वाक्य सांगेन. मी तर एकदाही निघालेलो नाही, हे खरे. पण या घरात पणती ठेवायची जागा आहे, ती पुण्याच्या फ्लॅटमध्ये कुठे शोधू?