धागा विरला, मणी उरले

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. १९१७ मध्ये आकाराला आलेल्या या वर्तुळाकार बाजारपेठेच्या मध्यभागी अंबादेवीचे मंदिर असून, भोवती सराफी, कापड, किराणा अशा पेठा पसरल्या आहेत. मंगळसूत्राचे काळे मणी घेणारी गृहिणी येथे मणी निरखून पाहते. ते ज्या तारेत गुंफायचे, तिच्याकडे मात्र क्वचितच लक्ष देते. वास्तविक दागिना तुटतो तो बहुधा तारेपाशीच.

तारेत मणी गुंफण्याचे साहित्य मोजके असते. चपट्या तोंडाची पक्कड तार धरते, गोल तोंडाची पक्कड कडी वळवते, कटर टोक छाटतो आणि बारीक कानस ते गुळगुळीत करते. २४ गेजची तार साधारण अर्धा मिलिमीटर जाडीची असते. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते. तांबे सहज वळते, पण घामाने हिरवट पडते. पितळ अधिक ताठ राहते. एकाच जागी तार पुनःपुन्हा वाकवली, तर ती कडक होऊन तुटते. म्हणून कडी पहिल्याच वळणात नीट बसवणे, हे खरे कसब.

या गोष्टीचे महत्त्व पटते ते तेरला. लातूरहून मुरूड, ढोकी या वाटेने तेरणाकाठचे हे गाव गाठता येते. प्राचीन तगर ते हेच. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात तगर पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचे म्हटले आहे. येथील जाडेभरडे कापड व मलमल गाड्यांनी भडोचला जाई. भगवान महावीरांचे मंदिर असलेल्या या गावी आजही जैन यात्रेकरू येतात. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमवलेल्या वस्तूंवर उभ्या राहिलेल्या येथील संग्रहालयात मातीचे, काचेचे, शंखाचे व रंगीत दगडांचे मणी आहेत. दोन हजार वर्षांत मण्यांचा रंगही फारसा उतरलेला नाही. ते ज्या धाग्यात ओवले होते, तो मात्र मातीत विरून गेला.

नांदेड जिल्ह्यात किनवट-माहूरकडील बंजारा तांड्यांत हीच विद्या वेगळ्या रूपात दिसते. वृद्ध स्त्रियांच्या कांचळीवर आरसे, कवड्या व मणी घट्ट टाकलेले असतात. एकेकाळी बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ वाहत फिरणाऱ्या या समाजाचा दागिना प्रवासात टिकेल असाच घडवावा लागे.

जैन व्यापारी कुटुंबाला येथे आणखी एक विचार करावा लागतो. पूर्वी दागिने रेशमात गाठवीत. रेशमासाठी कोश उकळले जातात. मोती, पोवळे, शंख हेही जीवांपासूनच येतात. काच, दगड, लाकूड व धातूची तार यांनी ही अडचण दूर होते. मात्र माल पारखून घ्यावा. प्लास्टिकचा मणी हलका असतो, काचेचा जड व हाताला थंड लागतो. कच्चा रंग ओल्या पांढऱ्या फडक्यावर उतरतो. मणी कशाचा व तार कशाची, हे गिऱ्हाइकाने विचारण्यापूर्वीच सांगणारे दुकान लहान असले, तरी त्याच्याकडे पुढची पिढीही येते.