बिनकटकटीचे गुलाब

आमच्या न्यू जर्सीच्या घरात ड्राइव्हवेला लागून एक उतार आहे. चौदा फूट लांब, चार फूट रुंद. तिथलं गवत कापताना नवरा दोनदा मॉवरसकट घसरला, तेव्हा ठरवलं, इथे आता गवत नको. ग्राउंडकव्हर गुलाब लावायचे, म्हणजे उंच न वाढता जमिनीलगत पसरणारे.

माझी अट एकच, कटकट नको. साताऱ्याला आईचे गुलाब म्हणजे घरातलं आणखी एक मूल! दसऱ्यानंतर छाटणी, बाहेरच्या डोळ्यावर तिरका काप, शेंगदाण्याची पेंड, पानांवर काळे ठिपके दिसले की फवारणी. नोकरी आणि मुलं सांभाळून हे मला कुठलं जमायला?

नर्सरीत बरंच बघून 'फ्लॉवर कार्पेट' घेतले. वेर्नर नोआक या जर्मन माणसाने तयार केलेली ही जात. काळ्या ठिपक्यांना सहसा दाद देत नाही, सुकलेली फुलं खुडत बसावं लागत नाही. शिवाय रोपं कलमी नव्हती, स्वतःच्या मुळांवर वाढलेली होती. त्यामुळे थंडीत वरचा भाग मेला तरी खालून तेच गुलाब फुटतात, जंगली खुंट नाही. नऊ रोपं अडीच-अडीच फुटांवर लावली, वर मल्च पसरलं, पहिलं वर्ष इमानाने पाणी घातलं. जूनपासून थंडी पडेपर्यंत फुलं! मैत्रिणींना सांगायचे, "एकदम लो-मेंटेनन्स!"

हाच शब्द मी आईसाठीही वापरायचे. "आमची आई एकदम लो-मेंटेनन्स. एकटी राहते, कधी काही मागत नाही."

यंदा, तिसऱ्या जूनमध्ये, फुलं कमी वाटली म्हणून फांद्या उचलून पाहिल्या. आत गारवेलीच्या जातीची रानवेल सगळ्या काड्यांना वेटोळे घालून बसलेली. दोन रोपं वाळून गेलेली. वरून मात्र गालिचा दिसत होता! मल्च केव्हाच कुजून गेलं होतं आणि ते पुन्हा घालायचं मला सुचलंच नव्हतं. रोपं एकमेकांना भिडून गच्च झाली की त्यांच्या सावलीत तण कमी होतं हे खरं, पण तोवर ते आपल्यालाच उपटावं लागतं. दुपारभर उपटलं. कोपरापर्यंत ओरखडे.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे आईला फोन केला. आवाज खोल वाटला.

"काही नाही गं, डोळ्यात थेंब घालून पडलेय. बुधवारी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. शेजारच्या काकू आल्या होत्या बरोबर."

"अगं आई, सांगायचं नाही का?"

"तुला तिकडे कशाला उगाच घोर?"

मला पुढे बोलताच येईना. दर रविवारी "कशी आहेस?" विचारायचं, "बरी आहे" ऐकायचं आणि फोन ठेवायचा. फांदी उचलून कधी पाहिलीच नव्हती.

मग विषय बदलायला तिनेच विचारलं, "तुझ्या त्या गुलाबांना वास आहे का गं?"

"फारसा नाही."

"मग काय कामाचे!"

असो. दोन नवी रोपं आणलीत, मल्च घातलंय. आणि दसऱ्यानंतरचं साताऱ्याचं तिकीट काढलंय. यंदाची छाटणी मी करणार, आई खुर्चीत बसून माझ्या चुका काढणार.