अठरा तास

फेब्रुवारी २०१८ मध्ये धाकट्या भावाने सगळ्या घराची मालदीवची तिकिटे काढली होती. त्याला आणि माझ्या मुलाला समुद्रात स्कूबाच्या बुड्या मारायच्या होत्या. आम्ही बाकीचे काठावरचे. निघायला आठवडा उरला असताना, ५ तारखेला, अध्यक्ष यामीन यांनी तिथे आणीबाणी पुकारली. रातोरात सरन्यायाधीशांनाच अटक झाली. भारत सरकारनेही अनावश्यक प्रवास टाळायला सांगितले.

भाऊ हसला. "दादा, गडबड मालेत. विमानतळ वेगळ्या बेटावर. तिथून होडीने थेट आपल्या बेटावर."

खरेच होते ते. मी एवढेच विचारले, "आणि पळायची वेळ आली तर?"

तो गप्प झाला. खोल पाण्यात नायट्रोजन अंगात मुरतो, म्हणून रोज बुड्या मारणाऱ्याने शेवटच्या बुडीनंतर निदान १८ तास विमानात बसायचे नसते, हे त्यानेच मला मोठ्या कौतुकाने शिकवले होते. म्हणजे बाकीचे घर विमानात, आणि हे काका-पुतणे किनाऱ्यावर घड्याळ बघत!

"मग बुड्या न मारता जाऊ," तो पुटपुटला. ते ऐकून मुलगा ताटावरून उठला.

तिकिटे रद्द केली. निम्मे पैसे बुडाले; त्या वर्षीची आमची बुडी तेवढीच. २२ मार्चला आणीबाणी उठली. मुलगा मात्र त्यानंतरही कित्येक दिवस माझ्याशी मोजकेच बोलत होता.