काजूच्या बीचा प्रवास

ईस्टरचा सण होऊन आठवडा लोटला होता. सत्तरी तालुक्यातील एका खेड्यात एका आप्ताच्या घरी प्रार्थनेसाठी मला जावयाचे होते. मलप्रभेचे उगमस्थान असलेले कणकुंबी मागे पडले, गाडी चोर्ला घाट उतरू लागली आणि वाऱ्याबरोबर एक आंबटगोड वास आत शिरला. दोन वळणे गेली, तो डोंगराचे उतार लाल-पिवळ्या बोंडांनी लगडलेले दिसू लागले. काजूचा हंगाम ऐन भरात होता.

वाचकहो, हे झाड आपल्या इतक्या अंगवळणी पडले आहे की ते परदेशी असेल असे आपल्या मनातही येत नाही. वास्तविक ते ब्राझीलचे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते जहाजातून गोव्यास आणले आणि त्याच सुमारास आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, मोझांबिकातही, ते रुजविले. जेथे दुसरे काही पिकत नाही अशा वरकस जमिनीत ते वाढले, आणि गरिबाच्या पदरात चार पैसे टाकू लागले. व्यापाराने गरीब देशाला काय दिले असे कोणी विचारले, तर मी प्रथम या झाडाकडे बोट दाखवीन.

ज्यांच्या घरी उतरलो ते वृद्ध गृहस्थ मला आपल्या बागेत घेऊन गेले. कातळात खोदलेल्या कुंडात बोंडे तुडविली जात होती. रस एकीकडे वाहत होता आणि बिया उन्हात वाळत होत्या. यंदा भाव कसा आहे, असे मी सहज विचारले. ते हसले व म्हणाले, "फादर, झाड माझे, घाम माझा, भाव मात्र बोटीतून येतो."

त्या वाक्याचा अर्थ मला परतीच्या वाटेवर उमगला. दोडामार्गावरून तिलारीचा घाट चढून मी चंदगडकडे आलो. त्या भागात काजूचे लहानमोठे कारखाने पुष्कळ आहेत. एका कारखान्यात आपल्याच समाजातील काही बाया कामाला जातात, म्हणून तेथे थोडा थांबलो. बी प्रथम वाफेवर उकडतात, थंड होऊ देतात. मग एकेक बी पात्यांच्या यंत्रात धरून टरफल फोडतात. टरफलातील तेल कातडीला भाजते, म्हणून बाया हातांना तेल चोळतात. तरीही बोटे काळी पडतातच. पुढे गर भट्टीत वाळवायचा, वरची साल काढायची, आणि अखंड गर व तुकडा असे निवडायचे. अखंड गरातही थोरला-धाकटा भेद आहे: एका पौंडात 180 बसतात तो मोठा, 320 बसतात तो बारीक. सुमारे चार किलो बीतून एक किलो गर हाती येतो. शेतकऱ्याच्या बीला जे मोल नाही ते गराला येते, आणि ते या काळ्या बोटांतून येते.

कोपऱ्यात पोत्यांची थप्पी होती. त्यांवरची अक्षरे आपल्याकडची नव्हती. मी एका प्रौढ बाईला विचारले, "मावशी, ही बी कुठली?"

"आफ्रिकेची, फादर. आपली बी चार महिन्यांत संपते. मग ही बोटीने येते म्हणून आमची चूल पेटते."

मी काही बोललो नाही. पण मला मोझांबिकची आठवण झाली. तो देश आपल्याला परका नाही. 1752 पर्यंत त्याचा कारभार गोव्याहून चाले, आणि पुढेही गोव्यातील कितीतरी ख्रिस्ती कुटुंबे पोटासाठी तिकडे गेली. 1970 च्या आसपास तो देश काजू पिकविण्यात जगात अग्रेसर होता आणि तेथे बी फोडण्याचे मोठमोठे कारखाने होते. 1975 साली तो स्वतंत्र झाला. पण लवकरच यादवी युद्ध पेटले आणि बागा व कारखाने दोन्ही खचले. 1992 साली रोम येथे सांत एजिदिओ या कॅथॉलिक संघाच्या मध्यस्थीने तह झाला, तेव्हा कोठे त्या प्रजेने सुटकेचा निःश्वास टाकला.

पण शांततेच्या मागोमाग दुसरे संकट आले. कच्ची बी देशाबाहेर नेण्यावर तेथे कर होता. तो कमी करावा, अशी अट जागतिक बँकेने 1995 च्या सुमारास कर्जासाठी घातली. बँकेचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते: कर उतरला की बीला चढता भाव मिळेल आणि गरीब शेतकरी सुखी होईल. प्रत्यक्षात कच्ची बी जहाजे भरभरून भारतात येऊ लागली, तेथील कारखाने बंद पडत गेले आणि हजारो कामगार घरी बसले. शेतकऱ्याला काय मिळाले? अर्थशास्त्रज्ञांनी पुढे हिशेब केला, तेव्हा एका कुटुंबामागे वर्षाला जेमतेम 5 डॉलरचा लाभ निघाला. बराचसा फायदा मधल्या व्यापाऱ्यांनी गिळला होता. अखेर 1999 साली तेथील संसदेने तो कर पुन्हा वाढविला, आणि नंतरच्या वर्षांत नांपुला प्रांतात लहान लहान कारखाने पुन्हा उभे राहू लागले.

यावरून व्यापार वाईट, असे कोणी समजू नये. व्यापार नसता तर चोर्ल्याच्या उतारावर हे झाडच नसते. पण जो देश केवळ कच्चा माल विकतो, त्याच्याकडे घाम राहतो आणि कमाई दुसरीकडे जाते. पश्चिम आफ्रिकेतील गिनी-बिसाऊ हा चिमुकला देश पाहा. त्याच्या निर्यातीचा बहुतेक भाग एकट्या काजूचा, आणि तोही बहुतांशी न फोडलेला. एखाद्या वर्षी भाव कोसळला, तर साऱ्या देशाच्या ताटातला भात कमी होतो.

पोप सहावे पौल यांनी 1967 साली 'पोपुलोरुम प्रोग्रेस्सिओ' या परिपत्रकात हेच बजावले होते. सबळ आणि दुर्बळ यांच्यात सौदा झाला, तर केवळ दोघांनी मान डोलावली एवढ्याने तो न्याय्य ठरत नाही. जे दोन माणसांना लागू, तेच दोन राष्ट्रांनाही लागू आहे.

त्या रात्री प्रार्थनेला बसलो, पण चित्त ठिकाणावर नव्हते. चंदगडच्या मावशीची चूल पेटते याचा मला आनंद होता. पण ज्या बीने ती पेटते, तिच्यापायी मोझांबिकातील एखाद्या मावशीची चूल कधीकाळी विझली होती, हेही विसरता येईना. दोघीही देवाचीच लेकरे. उद्या आफ्रिकेने आपली बी आपल्याच घरी फोडण्याचे ठरविले, तर आपल्याकडे पोती कमी येतील आणि आपल्याला झळ बसेल. तेव्हा आपण त्यांना शत्रू मानू नये. आपण आपल्या मुलांसाठी जे मागतो, तेच ते मागत असतील.

आणि आपल्या हाती काही नाही असेही नाही. धर्मग्रामातील कितीतरी घरे मे महिन्यात गरजेपोटी बी मिळेल त्या भावाने दारावरच्या व्यापाऱ्याला देऊन टाकतात. दहा घरांनी मिळून बी नीट वाळवून साठविली व एकत्र विकली, तर भाव थोडा तरी आपण बोलू. गावातच ती फोडता आली तर त्याहून उत्तम. येत्या रविवारी मिस्सानंतर बागवाल्या कुटुंबांनी थोडा वेळ थांबावे. सत्तरीच्या त्या वृद्ध गृहस्थांनाही मी बोलावले आहे.