वालीवची वाट आणि घडीची बाबागाडी

मूल झालं की बाईचं बाहेर पडणं आधी कमी होतं आणि मग थांबतंच. 'जाऊ नको' असं घरात कोणी म्हणत नाही. पण एका कडेवर दहा किलोचं मूल, दुसऱ्या खांद्यावर लंगोट, दूध, पाणी यांची पिशवी आणि पुढे जिना, रिक्षा, पूल, लोकल अशी सगळी वाट डोळ्यांपुढे आली की आपणच म्हणतो, 'पुढच्या महिन्यात बघू.' तो पुढचा महिना बघता बघता दोन वर्षं लांबतो. माहेर राहतं, मैत्रीण राहते, लसीच्या तारखेलासुद्धा 'ह्यांना' रजा काढावी लागते.

म्हणूनच मैत्रिणींनो, घडीची हलकी बाबागाडी हा केवळ हौसेचा विषय समजू नका. नीट पारखून घेतली तर ती तुम्हाला घराबाहेर काढते. पारख न करता घेतली तर पलंगाखाली धूळ खात पडते. ही पारख दुकानाच्या गुळगुळीत फरशीवर होत नाही, ती आपल्या रोजच्या वाटेवर होते. तेव्हा आज मी तुम्हाला एका खऱ्या वाटेनंच नेते. ही वाट आहे वालीवची.

वसई रोड स्टेशनच्या पूर्वेला, मुंबई-अहमदाबाद महामार्गाच्या बाजूला वालीव आहे. मूळचं हे शेतीचं गाव, तुंगारच्या डोंगराच्या शेजारचं. आता रस्त्याच्या दोन्ही अंगांना कारखान्यांचे गाळे, मालाचे टेम्पो, ट्रक आणि त्यांच्या मधून वाट काढणाऱ्या रिक्षा. २००९ साली इथे वसई-विरार महानगरपालिका आली, १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्हा विभागून पालघर जिल्हा झाला. पत्त्यातली अक्षरं बदलली, पण लेकराला घेऊन स्टेशन गाठायची वाट तीच राहिली.

घर ते स्टेशन

वालीवला स्वतःचं रेल्वे स्टेशन नाही. नाक्यावरून शेअर रिक्षा धरायची आणि गोखिवऱ्यावरून वसई रोडला उतरायचं, हा नित्याचा क्रम. आता विचार करा, या वाटेवर बाबागाडी ढकलायची कुठे? चांगला फूटपाथ सलग मिळत नाही. जिथे आहे तिथे कधी पाटीवाला बसलेला असतो, कधी स्कूटर उभी असते. म्हणजे घर ते नाका एवढी दहा मिनिटं गाडी चालणार आणि पुढे ती मिटून आपल्या हातात येणार.

इथेच पहिला धडा मिळतो. आपल्याकडे बाबागाडी जितकी ढकलावी लागते तितकीच उचलावी लागते. तेव्हा आधी वजन बघा. वर्षाचं मूल साधारण नऊ-दहा किलोचं असतं. पिशवी तीन-चार किलोची. गाडी सहा किलोची घेतली तर सगळे मिळून वीस किलो होतात. आपल्या घरातल्या गॅस सिलिंडरमध्ये गॅस भरलेला असतो १४.२ किलो. त्याहूनही जास्त ओझं घेऊन आपण जिना चढणार! त्यामुळे दहा-अकरा किलोची भारी गाडी कितीही देखणी असली, तरी वालीवसारख्या गावात ती लिफ्टच्या इमारतीपुरतीच.

दुसरी गोष्ट घडीची. हलक्या गाड्या मुख्यतः दोन प्रकारच्या मिळतात. एक छत्रीसारखी मिटणारी. ही वजनाला कमी, पण मिटल्यावर जवळजवळ मीटरभर लांब काठीसारखी होते. शेअर रिक्षात ती गुडघ्यांमध्ये उभी धरावी लागते आणि शेजारणीला टोचते. दुसरी दोन-तीन घड्यांची, मिटल्यावर लहान बॅगेएवढी होणारी. ही साधारण सहा-सात किलोची असते, पण पायाशी किंवा रिक्षाच्या बाकामागे बसते. रिक्षाचा प्रवास रोजचा असेल तर दुसरी बरी. आपल्या माणसांबरोबर गाडीनं जाणं जास्त असेल तर पहिली चालेल.

ही छत्रीसारखी घडी कोणी शोधली, ते ऐकण्यासारखं आहे. ओवेन मॅक्लॅरेन नावाचे एक इंग्रज अभियंता होते. महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या रचनेवर त्यांनी काम केलं होतं. हवेत गेल्यावर ही चाकं मिटून आत जातात. निवृत्तीनंतर, परदेशाहून आलेल्या लेकीची जडशीळ बाबागाडी बघून १९६५ साली त्यांनी अॅल्युमिनियमच्या नळ्यांची मिटणारी गाडी आखली. तिचं वजन होतं तीन किलोहूनही कमी. लेकीचा प्रवास सोपा व्हावा म्हणून आजोबांनी केलेली ही खटपट पुढे जगभरच्या आयांच्या कामी आली.

धुराची गोष्ट

वालीवच्या नाक्यावर ट्रक सुरू होताना जो काळा धूर येतो, तो आपल्या नाकापाशी पोचेपर्यंत थोडा विरलेला असतो. बाबागाडीतलं मूल मात्र बरोबर त्या धुराच्या उंचीवर बसलेलं असतं. इंग्लंडमधल्या सरे विद्यापीठातले प्रशांत कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली याबद्दल इशारा दिला होता. जमिनीपासून पहिल्या मीटरभर उंचीत वाहनांचा धूर सर्वांत दाट असतो आणि बाबागाडीतल्या बाळाच्या वाट्याला मोठ्या माणसापेक्षा साठ टक्क्यांपर्यंत अधिक दूषित हवा येऊ शकते, असं त्यांनी सांगितलं.

म्हणून नाक्यावर, सिग्नलला आणि रिक्षाच्या रांगेत मुलाला कडेवर घ्या आणि गाडी रिकामी धरा. आतल्या गल्लीनं जाता येत असेल तर चार पावलं जास्त चाला. आणि धूळ लागते म्हणून गाडीवर दुपटं मात्र पांघरू नका. हवा कोंडते, आतलं ऊन वाढतं आणि मूल आपल्याला दिसतही नाही. वर चांगलं टप असलेली गाडी घ्या, तेवढी सावली पुरते.

पुलावर आणि फलाटावर

विरार ते बॅकबे अशी पहिली उपनगरी गाडी १२ एप्रिल १८६७ रोजी धावली. तेव्हापासून या मार्गावर गर्दीची सवय झालेली पिढ्यान् पिढ्या माणसं आहेत. पण मूल काखेत असलं की सवय उपयोगी पडत नाही. सकाळी चर्चगेटकडे आणि संध्याकाळी विरारकडे जाणाऱ्या गाड्या टाळा. दुपारची वेळ आपली. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, ही त्यातल्या त्यात सोय.

पुलाच्या जिन्यावर मुलाला गाडीत बसवून गाडी उचलू नका. एकानं पुढून आणि एकानं मागून धरली तरी नको, कारण जिना उतरताना हात सुटला की काही उरत नाही. सरकत्या जिन्यावर तर बाबागाडी चढवायचीच नाही. लिफ्ट असेल तर लिफ्ट, नाहीतर मूल कडेवर आणि गाडी मिटून खांद्याला. गाडीला खांद्याचा पट्टा असणं किती गरजेचं आहे, ते इथे कळतं.

फलाटावर गाडी रुळांच्या दिशेनं तोंड करून कधी उभी करू नका. ती रुळांना समांतर ठेवा, दोन्ही चाकांचा ब्रेक लावा आणि एक हात दांडीवर राहू द्या. तिकीट काढायला, पाणी प्यायला म्हणूनसुद्धा हात सोडायचा नाही. लोकल येण्याची घोषणा झाली की लगेच मूल बाहेर काढा, गाडी मिटा. डबा समोर आल्यावर मिटायला लागाल तर तेवढा वेळ मिळत नाही.

लांबच्या प्रवासातही हाच नियम. कोकणात जाणाऱ्या काही गाड्या दिवा मार्गानं वसई रोडवरून जातात, आणि ऑगस्ट २०२४ पासून वांद्रे-मडगाव गाडीही वसईवरून सुरू झाली. वालीवच्या ज्या लेकींचं माहेर रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे आहे, त्यांची मोठी सोय झाली. अशा प्रवासात लहान घडीची गाडी बाकाखाली सरकते आणि सहप्रवाशांच्या कपाळाला आठी पडत नाही. विमानानं जायचं असेल तर तिकीट काढतानाच विचारून ठेवा. कोणी गाडी आत नेऊ देतात, कोणी दाराशी घेऊन सामानात ठेवतात.

किल्ला आणि डोंगर

आता थोडं फिरायलाही जाऊ. मूल लहान आहे म्हणून सहली बंद का कराव्या? वालीवच्या दोन बाजूंना दोन सुंदर जागा आहेत आणि बाबागाडीच्या दृष्टीनं त्या अगदी निराळ्या आहेत.

पश्चिमेला वसईचा किल्ला. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती जिंकून घेतली. स्टेशनच्या पश्चिमेकडून पाचूबंदरकडे जाणारी बस किल्ल्याशी सोडते. आतल्या मुख्य वाटेवर, चिमाजी आप्पांच्या स्मारकाच्या आसपास, बाबागाडी बऱ्यापैकी चालते. झाडांची सावली आहे, मूल झोपूनसुद्धा जातं. पण पडक्या चर्चच्या आत शिरलात की दगड, मुळ्या आणि खड्डे. अगदी बारीक, कडक चाकांची गाडी तिथे दर पावलाला अडते. चाक जरा मोठं, साधारण वीतभर व्यासाच्या जवळ जाणारं असलं, तर हाताला धक्के कमी बसतात आणि मुलालाही.

पूर्वेला तुंगारेश्वर. महामार्गावरच्या फाट्यापासून देवळापर्यंतची वाट चढाची, दगडांची, जंगलातली आणि पावसाळ्यात ओढ्यांची. हा भाग २००३ पासून अभयारण्य आहे. तिथे बाबागाडी न्यायचीच नाही. डोंगरातल्या पाड्यांवरच्या बाया लेकराला फडक्यात पाठीशी किंवा पोटाशी बांधून किती सहज चालतात ते पाहा. मान सावरलेल्या मुलासाठी अशी बांधायची झोळी हीच तिथली गाडी. बाळाचं नाक-तोंड मोकळं आणि आपल्याला दिसेल असं राहील एवढं बघा. आणि ओढ्याला पाणी असेल तर मूल घेऊन पलीकडे जाऊच नका. देव काही रागावत नाही.

दुकानात गेल्यावर

दुकानात आपण जोडीनं जातो. विक्रेता गाडी एका झटक्यात उघडतो, यजमान एका हातानं उचलून दाखवतात आणि 'हलकी आहे की!' म्हणतात. खरेदी झाली! पण मंगळवारी दुपारी तीन वाजता नाक्यावर तुम्ही एकट्याच असता. म्हणून तिथेच मूल कडेवर घ्या, पिशवी खांद्याला लावा आणि एका हातानं गाडी मिटून दाखवा, स्वतःलाच. दोनदा मिटा, दोनदा उघडा. जमलं नाही तर ती गाडी तुमची नव्हे. भिडेपोटी घेऊ नका.

मग या गोष्टी बघा. पट्टा पाच टोकांचा हवा: दोन खांद्यांवरून, दोन कमरेला आणि एक दोन पायांमधून. नुसता कमरेचा पट्टा असेल तर मूल खाली घसरतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ताठ पाठीच्या गाडीत बसवू नका. पाठ पूर्ण आडवी होणारी आणि तान्ह्यासाठी चालते असं लिहिलेली गाडीच त्याला हवी. दांडी आपल्या कोपराच्या जरा खाली यावी, नाहीतर वाकून कंबर धरते. युरोपच्या 'ईएन १८८८' या सुरक्षा मानकाचा उल्लेख माहितीपत्रकात असेल तर चांगलं.

बिजागऱ्या उघड्या नाहीत ना, हे बोट फिरवून पाहा. २००९ साली मॅक्लॅरेन कंपनीलाच अमेरिकेत विकलेल्या सुमारे दहा लाख गाड्यांसाठी बिजागरीची झाकणं द्यावी लागली, कारण गाडी उघडताना काही मुलांच्या बोटांची टोकं तिच्यात सापडून तुटली होती. म्हणून गाडी मिटताना-उघडताना मूल हातभर लांब हवं किंवा आपल्या कडेवर हवं. शेजारणीची जुनी गाडी मिळाली तरी आनंदानं घ्या. फक्त बिजागरी, ब्रेक आणि पट्ट्याचं कुलूप ही तिन्ही आधी तपासा.

आणि दांडीला भाजीची पिशवी लटकवायची सवय सोडा. मूल उचललं की गाडी मागे कलंडते. कधी मूल आत असतानाही कलंडते. सामान खालच्या जाळीत ठेवा.

पावसाळ्यात

वसईचा पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे. जुलै २०१८ मध्ये इथल्या वस्त्या पाण्यात होत्या आणि लोकल बंद पडल्या होत्या. साचलेल्या पाण्यातून बाबागाडी कधीही ढकलू नका. खाली उघडं गटार असेल तर ते दिसत नाही. भिजलेली गाडी तशीच मिटून ठेवली की कापडाला बुरशी येते. घरी आल्यावर ती उघडी ठेवा, सांधे कोरड्या फडक्यानं पुसा आणि ऊन पडलं की कापड धुऊन वाळवा. कापड सुटं निघणारं असेल तर निम्मं काम वाचतं. लोखंडी सांध्याला शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब पुरे. जास्तीचं पुसून टाका, नाहीतर मूल चाटायचं!

एवढं सगळं बघून गाडी घेतलीत की पहिल्याच आठवड्यात एक करा. ह्यांना बरोबर न घेता, दुपारच्या वेळी, जवळच्याच ठिकाणी मुलाला घेऊन जाऊन या. घर ते स्टेशन, एक स्टेशन पुढे आणि परत. काय अडलं, कुठे हात भरून आला, ते कळेल. पुढच्या खेपेला पिशवीतलं निम्मं सामान तुम्ही आपणहून घरी ठेवाल. आणि त्यानंतर माहेरी पत्र नाही तर फोन करून कळवा, 'येते आहे, आम्ही दोघंच येतो आहोत.'